तहसील कचेरीत आम्हाला एक टेबल द्या

प्रति,
मा. मंत्री, आपत्ती व्यवस्थापन,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. संध्याकाळपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि फोन मुके झाले. मुंबई-पुण्यातले चाकरमानी रात्रभर श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडला आईवडिलांचे नंबर लावत राहिले. सगळे टॉवर पडले होते असं नाही. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास चालतात, पुढे जनरेटरला डिझेल लागतं, आणि डिझेलची गाडी यायच्या रस्त्यावर झाडं पडलेली होती.

मी हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या बिनतारी सेटवरून बोलण्याचा, परवानाधारक आहे. अशा माणसाला लोक हॅम म्हणतात. वादळानंतर मी आणि एक मित्र सेट, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि अँटेनासाठी तारेचं भेंडोळं घेऊन एका सरकारी कचेरीच्या दारात उभे राहिलो. टाळेबंदीचे दिवस होते. “तुम्हाला कुणी बोलावलं? पत्र दाखवा,” एवढंच विचारलं गेलं आणि आमच्याकडे पत्र नव्हतं. गच्चीवर तार बांधायची परवानगी मिळेपर्यंत दिवस मावळला. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या आराखड्यात आम्ही नव्हतोच.

गच्चीसाठी एवढा हट्ट का, तेही सांगतो. आमचा हातातला वॉकीटॉकी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि कोकणात त्यांच्यापुढे सह्याद्री उभा राहतो. डोंगरावर रिपीटर, म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणारं यंत्र, नसेल तर घाटापलीकडे आवाज जात नाही. ७ मेगाहर्ट्झची गोष्ट वेगळी. सुमारे २० मीटर तार फार उंच न बांधता ताणली, की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. डोंगर आडवा येतच नाही. रात्री मात्र हाच पट्टा जवळच्या अंतरावर दगा देतो, मग ३.५ मेगाहर्ट्झवर जावं लागतं आणि तार दुप्पट लांब लागते. आधी बांधून पाहिलेली असेल तर ही थोड्या वेळाची कामं आहेत. अनोळखी गच्चीवर, पावसात, टॉर्चच्या उजेडात नाहीत.

आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते खरी गाठ इथेच आहे. हौशी रेडिओवरून एरवी तिसऱ्या व्यक्तीचे निरोप पाठवता येत नाहीत. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी भूकंप, पूर, चक्रीवादळ अशा आपत्तींसाठी सवलत ठेवली, पण त्यातही निरोप सक्षम नागरी अधिकाऱ्याकडून निघालेला आणि तशाच अधिकाऱ्याला उद्देशून असावा, अशी अट घातली. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा माणूस शेजारी नसेल तर आमचा सेट चालू असूनही उपयोगाचा नाही. आम्ही कितीही तयारीत असलो तरी पहिला शब्द शासनाचाच लागतो.

तो शब्द मिळाला की काय होतं, हे देशाने पाहिलं आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होते. २६ तारखेला त्सुनामी आली. छंदासाठी नेलेले तेच सेट अंदमानचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवू लागले. माणसं आणि यंत्रं तिथे आधीच हजर होती, म्हणून हे जमलं.

माझी मागणी पैशांची नाही. या सेवेचा मोबदला घ्यायला आम्हाला मनाईच आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात तिथल्या परवानाधारक हॅमची नावं, कॉल साइन (परवान्यावरचं रेडिओ ओळखनाव) आणि ठरलेली फ्रीक्वेन्सी लिहिली जावी. नाक्यावर पोलिसांना दाखवता येईल असं जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ओळखपत्र मिळावं. किनारपट्टीच्या आणि पूरप्रवण तालुक्यांत तहसील कचेरीच्या गच्चीवर कायमची तार आणि खाली एक टेबल असावं. दरवर्षी मे महिन्यात एक दिवस फोन बंद ठेवून तालुका ते जिल्हा निरोप फक्त रेडिओवरून पाठवून बघावेत. निरोप कसा लिहायचा, ‘ओव्हर’ कधी म्हणायचं, हे नायब तहसीलदारांनाही त्यातच कळेल.

सुरुवात श्रीवर्धनपासून करावी, अशी विनंती आहे. तार, बॅटरी आणि चार माणसं आम्ही आणतो. गच्चीची किल्ली कुणाकडे मागायची, तेवढं कळवावं.

आपला,
एक हौशी रेडिओ स्वयंसेवक
जि. रायगड