प्लग पॉइंट वर घेताय? भिंतीत काय पुरतायत तेही बघा

माननीय संपादक,

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हापासून आपल्या बडोद्यात तळमजल्यावर राहणारे बरेच जण किचनमधला फ्रिजचा नाहीतर फिल्टरचा खालचा प्लग पॉइंट वर घेऊन टाकतायत. घ्यायलाच पाहिजे, पण हे काम करतं कोण ते जरा बघा. टाइल्स लावायला आलेला मिस्त्रीच म्हणतो "काकी त्यात काय, वायर वाढवून देतो" आणि जुन्या वायरला दोन-तीन फुटांचा तुकडा पीळ मारून जोडतो, वरून काळी टेप गुंडाळतो, भिंतीत दाबतो, सिमेंट थापतो. टाइल बसली की सगळे खूश.

मी बरीच वर्षं वायरिंगच्या कामात काढलीत म्हणून सांगतो, भिंतीत पुरलेला असा जॉइंट सैल झाला की गरम व्हायला लागतो, आणि तो कोणाला दिसत नाही. दांडिया बाजारात एका ओळखीच्यांकडे टाइल काढली तर आत टेप करपून काळीठिक्कर, जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरला तांब्याची वायर नुसती गुंडाळलेली, आणि अर्थिंगची हिरवी वायर तर कापून तशीच आत खुपसलेली! बाहेरून सॉकेटला तीन भोकं व्यवस्थित, म्हणजे घरच्यांना वाटणार अर्थिंग आहे, आणि त्यावर इतकी वर्षं फ्रिज चाललेला.

खरं तर करायचं एवढंच की नवीन जागेपर्यंत पाइप टाकायचा आणि त्यातून फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही वायरी मेन बोर्डापासून अखंड ओढून आणायच्या. ते जमत नसेल तर जॉइंट जुन्या बॉक्समध्येच नीट कनेक्टर लावून करा आणि बॉक्सवर डमी प्लेट (बिनभोकांचं झाकण) बसवा, दिसायला वाईट दिसते म्हणून सुनबाई नको म्हणतील पण बॉक्स बुजवू नका. पाइप सरळ उभा न्या, तिरका शॉर्टकट मारू देऊ नका, कारण उद्या कोणीतरी रॅक लावायला ड्रिल मारणार आणि त्याला काय माहीत वायर कुठून गेलीय. साडेचार इंची भिंतीत लांबलचक आडवी खाच पण नको, भिंत कमजोर होते. नवीन जागा सिंक आणि गॅसपासून लांबच ठेवा.

जागा बदलताय तर लोड पण बघून घ्या. २००० वॅटचं इंडक्शन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर खेचतं आणि लोक ते ६ अँपिअरच्या सॉकेटवर कन्व्हर्टर लावून चालवतात, मग सॉकेट वितळलं की कंपनीला शिव्या. तिथे १६ चं सॉकेट आणि किमान २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाहिजे. आणि एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) सारखी पडते म्हणून १६ ची काढून ३२ ची टाकून देणारे कारागीर तर मी स्वतः बघितलेत, म्हणजे आता एमसीबी पडणार नाही, आतली वायर जळेल! शिवाय एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही, त्यासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) वेगळी लागते, ओल्या हाताने मिक्सर लावणाऱ्या घरात तर हवीच.

अजून एक, मेन स्विच बंद केला म्हणजे झालं असं समजू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची लाइन चालूच राहते, तो पण बंद करा, आणि टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, तो पेटतोय ना, मगच त्याच्यावर विश्वास ठेवा.

हे सगळं परमिटवाल्या वायरमनकडून करून घ्यावं. चार पैसे जास्त जातील, ग्रॅनाइटच्या ओट्याला आपण बिनतक्रार किती मोजतो ते आठवा. आणि टाइल लागायच्या आधी उघड्या भिंतीचे, टेप लावून मापं दिसतील असे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे फार कामी येतात.

तुमच्या पुरवणीत मॉड्युलर किचनचे फोटो येतात त्यात शेगडीच्या बरोब्बर वर सॉकेट दाखवलेलं मी बघितलंय. तेवढं छापताना कोणा जाणकाराला दाखवून घ्याल का?

आपला,
एक वाचक, रावपुरा, बडोदे