नागद्वारला निघण्यापूर्वी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या अंबाझरीला फिरायला येणाऱ्या मंडळींनी आधी रामटेक, मग पेंचच्या जंगलातल्या सिल्लारीला मुक्काम आणि नागपंचमीच्या सुमारास पचमढीहून नागद्वारची यात्रा असा बेत आखल्याचे आईने फोनवर सांगितले. या वयात कशाला, असे मी म्हणणार नाही. कुरिअरने प्रथमोपचाराची पिशवी पाठवली आहे. ती केव्हा उघडायची आणि केव्हा तिच्या नादी न लागता थेट गाडी काढायची, एवढे कळावे म्हणून हे पत्र.

रामटेकला भर वैशाखात जाणार आहात. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जाते, त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहावे. आईचे कैरीचे पन्हे उत्तमच, पण बाबांच्या साखरेमुळे त्यांचे वेगळे आणि कमी गोड करावे. जुलाब किंवा उलट्या होऊ लागल्यास मात्र ओआरएस द्यावे. १ लिटरची पुडी पूर्ण १ लिटर पाण्यातच घालायची. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात ढवळू नये. पुडी संपली तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचे सपाट हवेत, शीग लावलेले नकोत, आणि चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. खिशातल्या पांढऱ्या कांद्याने ऊन लागत नाही, यावर बाबांचा विश्वास आहे. तो त्यांनी खुशाल ठेवावा आणि जेवताना खाऊन टाकावा. डोक्याला दुपट्टा आणि अकराच्या आत परत फिरणे हे मात्र त्याच्यावर सोपवू नये. कोणी बरळू लागले, झोकांड्या खाऊ लागले आणि अंग भाजल्यासारखे तापले, तर तोंडाने काहीही न पाजता सावलीत निजवावे, कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

गडावरच्या वानरांसमोर प्रसादाची पिशवी मिरवू नये. चावा किंवा नुसता ओरखडा बसला तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा. आई, तू अशा वेळी हळदीचा डबा शोधशील म्हणून आधीच सांगते: हळद दुधात राहू दे, जखमेत भरू नकोस. मुरगळलेल्या पायाला, कातडी फाटलेली नसेल तर, आंबेहळदीचा लेप लावायला माझी हरकत नाही; पण आधी गार पाण्याची पट्टी आणि क्रेप बँडेज.

सिल्लारीला जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री हिंडते आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की माणसाला काही चावल्याचे कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. म्हणून बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच. साप चावल्यास अंगठी, घड्याळ, बांगड्या काढाव्यात, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा काठी लावून स्थिर ठेवावा आणि माणसाला चालू न देता उचलून न्यावे. करकचून दोरी बांधणे, चिरा देणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. साप मारून सोबत नेण्याचीही गरज नाही, कारण आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्रच चालते. निघण्यापूर्वीच रामटेकच्या शासकीय रुग्णालयात ते उपलब्ध आहे का, हे विचारून ठेवावे. विंचवाच्या दंशावर चुना लावत बसू नये. दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही हृदयावर ताण आल्याची खूण असते. त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेले प्राझोसिन आहे, पण ते डॉक्टरांनीच द्यायचे.

सर्वांत जास्त काळजी मला ओव्याची वाटते. बाबांच्या छातीत चढावर दाटून आले की घरात गॅसच समजला जातो. घाम, दम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर ओवा-काळे मीठ देण्यात वेळ घालवू नये. जागेवरच बसवून मदत बोलवावी. थरथर आणि घाम साखर उतरल्यानेही येतो. शुद्धीवर असतील तर ३ चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ग्लुकोज पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. बाबांची रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने खरचटले तरी रक्त लवकर थांबणार नाही. गॉजची घडी दाबून ठेवावी, आणि थांबले का हे पाहण्यासाठी ती घड्याळाची १० मिनिटे होईपर्यंत उचलू नये.

नागद्वारच्या डोंगरात मोबाईलची रेंज गृहीत धरू नका. शिटी आणि टॉर्च पिशवीत घातली आहे. दोघांच्या गोळ्यांची नावे, वेळा, रक्तगट आणि माझा नंबर कागदावर लिहून त्याची एक प्रत बाबांच्या खिशात आणि एक गटातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावी. पिशवी मिळाली की पॅरासिटामॉल आणि आयोडीनवरची मुदतीची तारीख चष्मा लावून वाचा आणि मला फोन करा.

आपली लेक,
पुणे