एका ट्रॉम्बोनवादकास जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. आपले नाव असे उघडपणे लिहिलेले आपल्याला रुचणार नाही, म्हणून ते येथे देत नाही. परंतु आपण मला पाठवलेल्या ४७ सेकंदांच्या ध्वनिमुद्रणाबद्दल चार लोकांसमोर आभार मानल्याशिवाय माझ्या मनाला स्वस्थता लाभणार नाही.

तीन ट्रम्पेट आणि तीन ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्यांसाठी मी रचना लिहीत होतो आणि तिचा मधला भाग म्यूट, म्हणजे वाद्याच्या कर्ण्यात बसवून आवाजाचा पोत बदलणारे साधन, लावून वाजवायचा होता. स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी त्या जागी 'कॉन सोर्दिनो' (म्यूट लावून) असे लिहिले, प्लेबॅक सुरू केला, आणि ट्रम्पेटच्या ओळीतून जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज आला. ट्रॉम्बोनची अवस्था त्याहून वाईट होती. त्यांना ट्रम्पेटचाच म्यूट लावलेला आवाज खाली ओढून दिला होता. संगणकावरच्या वाद्यांच्या आवाजांची जनरल मिडी ही प्रमाणित यादी १९९१ साली ठरली; तीत एकूण १२८ ध्वनी आहेत आणि त्यांत म्यूट लावलेले पितळी वाद्य एकच आहे, ६० व्या क्रमांकावरचा ट्रम्पेट. म्यूट लावलेला ट्रॉम्बोन, हॉर्न किंवा ट्यूबा त्या यादीत नाहीच. हे कारण मला फार उशिरा समजले. तोवर दोष माझ्या लेखनाचाच असावा, असे समजून मी त्या भागातले स्वर पुन्हा पुन्हा बदलत राहिलो आणि एक चांगली जुळलेली स्वरावली त्यात कायमची गमावून बसलो.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी तिघांचे दरवाजे ठोठावले होते. एका स्टुडिओने माझ्याकडून पैसे घेतले आणि ट्रॉम्बोनच्या तिन्ही ओळींचा आवाज निम्म्याने कमी करून फाइल परत दिली. ज्या कंपनीकडून मी सॉफ्टवेअरसाठी वाद्यांच्या आवाजांचा संच विकत घेतला होता, तिच्या मदत कक्षाने माझ्या तीन पत्रांना तोच एक छापील परिच्छेद तीनदा पाठवला. तिसरे गृहस्थ संगीताचे जाणकार म्हणून ओळखले जातात; सॉफ्टवेअर स्वर लिहिण्यापुरते असते, त्याच्याकडून आवाजाची अपेक्षा करणारा माणूस मुळात संगीतकारच नव्हे, असे त्यांनी मला चारचौघांत सुनावले. ते शब्द मला अजून बोचतात. ज्याच्या दाराशी सहा वादक उभे नसतात, त्याला आपली रचना ऐकण्यासाठी हे एकच साधन असते, एवढे त्यांनी ध्यानात घ्यायला हवे होते.

एका वादक मित्राकडून आपला क्रमांक मिळाला तेव्हा मी फोन करावा की नाही, या विचारात दोन दिवस घालवले. आपण निवृत्त, मी अनोळखी, आणि प्रश्न संगणकाचा. आपण मात्र मला सॉफ्टवेअरबद्दल काहीच विचारले नाही. "तुम्ही म्यूट लावलेला ट्रॉम्बोन जवळ उभे राहून कधी ऐकला आहे का?" एवढेच विचारलेत. मी नाही म्हणालो. माझे सारे शिक्षण पेटीवर झाले, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपी, मी पुढे स्वतःच्या धडपडीने शिकलो, आणि ज्या आवाजासाठी मी महिनोन्महिने झगडत होतो तो माझ्या कानांनी प्रत्यक्ष कधी घेतलाच नव्हता, हे त्या एका प्रश्नाने मला उमगले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपले ध्वनिमुद्रण आले.

ते मी आजवर कितीदा ऐकले, याची गणती नाही. आरंभी माझ्याच रचनेतले चार बार (ठोक्यांचे ठरावीक गट) आपण म्यूटशिवाय वाजवले आहेत. मग वाद्य थांबते, आणि आपण ट्रॉम्बोनच्या बेलमध्ये, म्हणजे त्याच्या पुढच्या रुंद कर्ण्यात, तोंडाने ऊबदार श्वास सोडल्याचा आवाज येतो. त्या ओलाव्यामुळे म्यूटवरचे बूच धातूला घट्ट धरून बसते, ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तिकेने सांगितली नव्हती. त्यानंतर म्यूट किंचित पिळून बसवताना बुचाची बारीकशी करकर ऐकू येते, आणि तेच चार बार पुन्हा सुरू होतात. तो श्वास आणि ती करकर आपल्याला सहज कापून टाकता आली असती. आपण ती राहू दिलीत, आणि त्या दोन क्षणांत माझ्या कागदावरचा शब्द मला पहिल्यांदाच एका माणसाची कृती म्हणून दिसला. सर, ते ऐकताना माझे डोळे भरून आले होते.

त्यानंतरचे काम मीच करायचे होते आणि ते जमले, कारण आता ताडून पाहायला खरा आवाज हाताशी होता. म्यूट म्हणजे आवाज कमी करणे नव्हे, हे आपले वाक्य मी टेबलासमोर लिहून ठेवले आहे. स्ट्रेट म्यूटच्या बाजूंना बुचाच्या तीन पट्ट्या असतात, त्यांच्यामधल्या फटींतून आवाज बाहेर पडतो, खालचा भरीवपणा गळतो आणि वरची धार उरते. म्हणूनच जोरात वाजवलेला म्यूट दबका न वाटता चावरा वाटतो. कप म्यूटची वाटी ती धारही मऊ करते. हार्मन म्यूटला बुचाचे अखंड कडे असते, त्यामुळे सगळी हवा म्यूटमधूनच जाते, आणि मधली नळी काढून टाकली की जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या ट्रम्पेटचा तो एकाकी आवाज मिळतो. माझ्या सॉफ्टवेअरला या तिन्हींसाठी एकच शब्द ठाऊक होता. आता प्रत्येक म्यूटसाठी मी वेगळी ओळ आणि वेगळा ध्वनी ठेवला आहे, आणि आपले ४७ सेकंद कानाशी लावून एकेक ओळ जुळवली आहे. आपण सांगितल्याप्रमाणे ड्यूक एलिंग्टन यांच्या जॅझ वाद्यवृंदातले 'ट्रिकी सॅम' नॅन्टन यांचे ट्रॉम्बोनही ऐकले. ते वाद्य चक्क बोलते, आणि तसे बोलणे कोणत्याही यंत्राकडून होईल असे मला वाटत नाही.

आपल्यासारखी माणसे स्वतःच्या विद्येचा गवगवा करत नाहीत. समोरचा कुठे अडला आहे ते आधी पाहतात आणि नेमके तेवढेच त्याच्या हातात ठेवतात. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी आपल्या अनेक पिढ्यांना ब्रास, म्हणजे ही पितळी वाद्ये, ऐकायला शिकवले, त्यांतल्या कितीतरी जणांची नावे कुठे छापलीच गेली नाहीत. आपले ध्वनिमुद्रण ऐकताना मला त्या सर्वांची आठवण होते.

त्याच दिवशी संध्याकाळी आपण पाठवलेला दोन ओळींचा निरोपही मी विसरलेलो नाही. म्यूट लावायला मी एकच बार मोकळा ठेवला होता; मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत तो दोन सेकंदांत संपतो, आणि संगणकाला तेवढाही वेळ लागत नसल्याने ती चूक मला कधी ऐकूच आली नव्हती. सुधारलेल्या स्वरलिपीची छापील प्रत या पत्रासोबत पाठवत आहे. ४१ व्या बारच्या आधी आता चार बारचा विराम आहे.

आपला कृतज्ञ,
एक संगीत संयोजक, पुणे