स्पॅममध्ये गेलेला रतनगड

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात ऑनलाइन फसवणुकीवर जो लेख आला होता त्यात शेवटी एक सल्ला होता, की स्पॅम फोल्डर उघडूच नका, सगळा कचरा असतो तो, आपोआप पुसला जाईल. लेख चांगला होता, मी आईला वाचूनही दाखवला, पण त्या एका वाक्याने माझं असं काही डोकं फिरलं की आयुष्यात पहिल्यांदा संपादकांना पत्र लिहायला बसलोय. लांबलंय, खुशाल कात्री लावा, फक्त किल्ल्यावरच्या पाण्याच्या टाक्यांचा भाग तेवढा ठेवा.

आमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे, 320 लोक, आणि तो 2004 पासून मेलवर चालतो. एक पत्ता आहे, त्यावर मेल टाकला की सगळ्यांना जातो, कोणी उत्तर दिलं की तेही सगळ्यांना. ही मेलिंग लिस्ट मी सांभाळतो, म्हणजे काय तर भाड्याचा एक छोटा सर्व्हर, महिन्याला पाचएकशे रुपये, आणि माझ्या दोन-तीन रविवारच्या दुपारी.

तर गेल्या जुलैत रतनगड ठरला होता, चौदा जण, पहाटे 5 ला शिवाजीनगरहून निघायचं. शुक्रवारी पावसाचा इशारा आला, मी रात्री साडेनऊला रद्दचा मेल टाकला आणि निवांत झोपलो. रविवारी पहाटे 5 वाजून 10 मिनिटांनी फोन, "अरे कुठे आहात सगळे?" तीन जण उभे होते तिथे, छत्र्या घेऊन. त्यातले एक काका, वय 67, साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने आलेले. मी गाडी काढून गेलो, तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि हे काका मलाच म्हणतात, "असू दे रे, थालीपीठं आहेत, गार व्हायच्या आत खाऊन घेऊ." चहाच्या टपरीवर उभं राहून खाल्ली आणि तिथेच त्यांच्या मोबाइलवर स्पॅम उघडलं. आमच्या ग्रुपचे 41 मेल होते आत. वर कोणाला तरी लॉटरी लागलेली, खाली कोणाचं तरी पार्सल कस्टममध्ये अडकलेलं, आणि मधे आमचा रतनगड. त्याच्या आधीचे मेल पुसले गेले होते, कारण स्पॅममध्ये महिनाभरापेक्षा जास्त काही राहत नाही. काकांना वाटत होतं आजकाल ग्रुपवर कोणी लिहीतच नाही.

मला जास्त झोंबलं ते घरी येऊन सर्व्हरचा लॉग, म्हणजे कुठला मेल कुठे गेला त्याची नोंदवही, बघितल्यावर. तिघांच्याही पत्त्यांपुढे 250 लिहिलेलं, म्हणजे समोरच्या मेल कंपनीने "मिळाला, घेतला ताब्यात" असं आमच्या सर्व्हरला सांगितलंय. घेतला आणि माळ्यावर टाकला, ना मला कळवलं ना काकांना. आपल्या पोस्टातलं साधं पत्रसुद्धा पत्ता सापडला नाही तर शेरा मारून परत येतं हो.

आता कोणी म्हणेल व्हॉट्सॅपवर का नाही चालवत. आहे, व्हॉट्सॅप ग्रुपही आहे, त्यावर गुड मॉर्निंग येतं आणि फोटो येतात. पण वीस वर्षांत कोणी कुठल्या महिन्यात कुठल्या किल्ल्यावरच्या कुठल्या टाक्यात पाणी बघितलं, ते पिण्यासारखं होतं की शेवाळलेलं, वरच्या टाक्यात पडलेलं वासरू कधी निघालं, कुठल्या वाटेवरचा दगड पावसाळ्यानंतर सरकलाय, पायथ्याच्या गावात जेवण कोण करून देतं, हे सगळं मेलच्या संग्रहात तारखेवार पडलंय, आणि मार्चमध्ये हरिश्चंद्रगडाला जाणारा माणूस तिथे शोधून पाणी किती न्यायचं ते ठरवतो. व्हॉट्सॅपवर मागच्या मंगळवारचं सापडत नाही. शिवाय बॅकअप घेतला नसेल तर फोन बदलला की गेलं.

तर हे असं का होतं ते शोधत बसलो आणि जे कळलं ते सोपं करून सांगतो. मेल खरा की खोटा हे ओळखायला तीन गोष्टी आहेत, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या (मेलच्या पत्त्यात @ नंतर येतं ते नाव) मालकाने जाहीर केलेली यादी, की माझ्या नावाचा मेल फक्त या या सर्व्हरवरून येईल. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर, आतलं काही बदललं की मोहोर तुटते. आणि डीमार्क असं बघतं की वर 'प्रेषक' म्हणून जे नाव दिसतंय त्याचा या दोनपैकी एकाशी तरी मेळ बसतो का, आणि नसेल तर मेलचं काय करायचं तेही डोमेनचा मालकच सांगून ठेवतो, असू दे, स्पॅममध्ये टाका, किंवा सरळ दारातून परत पाठवा.

चोर पकडायला झकास आहे. पण मेलिंग लिस्टचं कामच मुळात मधल्या माणसाचं. साताऱ्याच्या काकांनी लिहिलेलं आमचा सर्व्हर घेतो, विषयाच्या पुढे चौकोनी कंसात 'भटकंती' लावतो, खाली तीन ओळी चिकटवतो की ग्रुप सोडायचा असेल तर इथे क्लिक करा, आणि 320 जणांना वाटतो. झालं, विषय बदलला, मजकूर बदलला, मोहोर तुटली. पाठवणारा सर्व्हर आमचा, म्हणून एसपीएफचाही काकांच्या पत्त्याशी मेळ नाही. चोर दुसऱ्याच्या नावाने जे करतो तेच आम्ही करतोय, निदान मशिनला तरी तसंच दिसतं.

हे काही आमचंच दुखणं नाही. एप्रिल 2014 मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी एका झटक्यात "परत पाठवा" लावलं, मागोमाग एओएलने, आणि जगभरातल्या मेलिंग लिस्टांचे तीनतेरा वाजले. त्यातली खरी गंमत बघा, याहूवाल्याने लिस्टवर मेल टाकला की बाकीच्या कंपन्या तो परत पाठवायच्या, परत आलेले मेल मोजून लिस्टचं सॉफ्टवेअर म्हणायचं हे पत्ते बंद पडलेले दिसतात, आणि त्या बिचाऱ्या घेणाऱ्यांनाच निलंबित करायचं. लिहिलं एकाने, तांत्रिक घोळ दुसऱ्याचा, बाहेर काढला तिसरा.

मग मेलमन वगैरे लिस्टच्या सॉफ्टवेअरनी पळवाट काढली, प्रेषकाचा पत्ताच बदलायचा, म्हणजे नाव काकांचं, पुढे 'व्हाया भटकंती', आणि पत्ता लिस्टचा. आम्हीही केलं. मेल पोचायला लागले, पण फोनला वाटायला लागलं की काकांचा पत्ता हाच. एका मेंबरने (नाव नको, अजून माझ्यावर चिडून आहे) दुसऱ्याचं नाव टाइप केलं, फोनने आपणहून पत्ता भरला, आणि "त्या अमक्याने अजून गाडीचे पैसे दिले नाहीत, पुढच्या वेळी घेऊच नका" हे खाजगीत लिहिलेलं 320 जणांना गेलं. अमक्यासकट.

2019 मध्ये एआरसी म्हणून अजून एक उपाय आला, मधल्या प्रत्येकाने आपला शिक्का मारत जायचं, माझ्याकडे आला तेव्हा मोहोर शाबूत होती असं लिहून द्यायचं. कल्पना उत्तम, पण त्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे शेवटी घेणारी कंपनीच ठरवणार, आणि पुण्यातल्या पाचशे रुपयेवाल्या सर्व्हरची ओळख कोणाला असणार. ओळख असूनही भागतं असं नाही म्हणा. जुलै 2015 मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने जाहीर तक्रार केली होती की जीमेल लिनक्सच्या मेलिंग लिस्टवरचे पॅच, म्हणजे प्रोग्रॅममधल्या दुरुस्त्या, स्पॅममध्ये टाकतंय, आणि त्याने साधारण हजार स्पॅम चाळले तर त्यातले वीस टक्क्यांहून जास्त खरे कामाचे निघाले. गूगलने आठवडाभर आधीच, आमच्या चुका एक टक्क्याच्याही खूप खाली असतात असं सांगितलं होतं. टोरवाल्ड्सच्या ओरडण्याची निदान बातमी तरी झाली, आमचं कोण ऐकणार.

आमचीही चूक आहे, तीही सांगतो. "शेवटच्या 4 जागा! प्रत्येकी 850 रुपये आजच भरा!" हा मेल मीच टाकला होता, उद्गारचिन्हांसकट, सोबत युपीआय नंबर. मी मशिन असतो तर मीही स्पॅमच म्हटलं असतं. आणि आपले लोकही कमाल करतात, ग्रुपचा कंटाळा आला की खाली सोडायची लिंक दिलेली असते ती सोडून 'स्पॅम' हे बटण दाबतात, त्यांना वाटतं डिलीटसारखंच असेल. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले, दिवसाला जीमेलवर 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही सक्तीचे, आणि स्पॅमच्या तक्रारी सगळ्यांनीच 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवा म्हणतात. 320 जणांतल्या एकाने ते बटण दाबलं तर किती होतात करा हिशेब, 0.31. एका कंटाळलेल्या माणसामुळे बाकीच्या 319 जणांचं पाणी तुटायचं. आणि किती तक्रारी झाल्या ते पाठवणाऱ्याला बघायला जो डॅशबोर्ड असतो तो आमच्यासारख्या थोडक्या मेलवाल्यांना रिकामा दिसतो, म्हणे पुरेसा डेटा नाही. शिक्षेला पुरेसा असतो बहुतेक.

कंपन्यांवर रोज केवढा कचरा येऊन पडत असेल याची मला कल्पना आहे, त्यांनी चाळणी लावूच नये असं कोण म्हणतंय. पण मेल नको असेल तर दारातच नाही म्हणा ना, तो परत येईल, मला कळेल, मी फोन करीन. घेतला म्हणायचं आणि लपवायचं हे नको. आणि जो माणूस दहा-दहा वर्षं एका लिस्टला उत्तरं देतोय त्याला ती लिस्ट हवी आहे एवढं तरी त्या हुशार मशिनला समजायला हरकत नाही, बाकी मी कुठले बूट बघितले ते बरोब्बर समजतं की.

तुम्ही मात्र तो सल्ला बदलून छापा ही विनंती. आठवड्यातून एकदा स्पॅम उघडा, त्यातल्या लिंकवर क्लिक करू नका, फक्त नावं बघा, ओळखीचं दिसलं तर 'स्पॅम नाही' दाबा आणि तो पत्ता कॉन्टॅक्टमध्ये टाका.

काकांचं आम्ही हे सगळं करून दिलंय. तरी दोनदा गेलाच मेल आत. म्हणून आता मेल टाकला की मी साताऱ्याला फोन करून सांगतो, "काका, मेल टाकलाय, बघा." ते म्हणतात, "काय लिहिलंयस तेवढं सांग की आता."

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे