तुरीला घरचे बियाणे किती वर्षे?

संपादक महोदय,

रविवारच्या शेतीच्या पानावर सुधारित वाणांचा लेख वाचला. वाणांची माहिती चांगली आहे. पण शेवटी ‘एकदा बियाणे घ्या, मग वर्षानुवर्षे घरचेच पेरा’ असे सरसकट लिहिले, ते वाचून राहवले नाही. सोयाबीनला दोन-तीन हंगाम हे चालते. तुरीचे तसे नाही. मधमाशी शेजारच्या तुरीवरून आपल्या फुलावर येते आणि वाणात भेसळ होते.

आमची कोरडवाहू तीन एकर. बदनापूरच्या संशोधन केंद्राची पांढरी तूर, बीडीएन ७११, मेहुण्याकडून चार किलो आणली होती. १५०-१६० दिवसांत काढणीला येते, त्यामुळे परतीचा पाऊस आला नाही तरी दाणा भरला. मग दरसाल घरचेच बी धरत गेलो. पाचव्या वर्षी आई सूप घेऊन ओट्यावर बसली आणि पांढऱ्या तुरीतून तांबडे दाणे वेचायला लागली. ओंजळभर निघाले. रानातही तेच, काही झाडे वाळलेली तर काही अजून फुलोऱ्यात. आई म्हणाली, “ही आपली तूर नाही राहिली, बाबा.”

नवे बियाणे घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “७११ संपली, ही तसलीच आहे.” ती तसली नव्हती. ती उशिराची निघाली, हलक्या जमिनीत ओल तुटली आणि शेंगा चपट्याच राहिल्या. तक्रारीला गेलो तेव्हा पिशवी होती, कारण आईने तिच्यात शेवग्याचे बी बांधून ठेवले होते. पण बिलावर लॉट नंबर, म्हणजे बियाण्याच्या खेपेचा क्रमांकच नव्हता.

लेख लिहिणाऱ्यांना माझे एवढेच म्हणणे आहे की वाण चांगला असून भागत नाही. दोन-तीन वर्षांनी शुद्ध बियाणे दोन किलोच्या पिशवीत, मृगाच्या आधी, तालुक्याला तरी मिळायला हवे. १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठाची बियाणे विक्री असते. पण दोन एकरवाल्याने चार किलोसाठी मजुरी बुडवून आणि भाडे भरून तिथवर जायचे, हे दरवेळी जमत नाही.

आणखी एक. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासा, ७० तरी उगवले पाहिजेत, हा सल्ला तुम्ही आमच्या पेरण्या उरकल्यावर छापलात. तो मे महिन्यात छापा.

– एक शेतकरी वाचक, ता. परतूर, जि. जालना