हरलेल्या उमेदवाराचं काम अजून चालूच आहे

संपादक साहेब,

निवडणूक हरला की माणूस संपला असं म्हणतात, मला नाही पटत. बाबासाहेब १९५२ ला मुंबईत हरले, १९५४ ला इथं जवळच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पण हरले, आणि तरी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोक आले ते त्यांच्याच शब्दावर ना! आमच्या वस्तीत आजही पोरं संध्याकाळी विहारात टेबल टाकून बसतात, मतदार यादीत नाव नसेल त्याचा नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरून देतात, परवा एका आजींचा अंगठा घ्यायच्या आधी एक पोरगी त्यांना अख्खा फॉर्म वाचून दाखवत होती, अगदी हळूहळू, मी स्वतः बघितलं. मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. या पोरांची पण बातमी छापा ना, नुसत्या निवडून आलेल्यांचीच कशाला?

एक वाचक, नागपूर