विषय: गाडीवरच्या मालाच्या ॲपमध्ये एकाच बिलाची दोनदा नोंद होते, त्याबद्दल तक्रार

नाशिक,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

स.न.वि.वि.

साबण, टूथपेस्ट, बिस्किटं अशा मालाचं वितरण मी नाशिकमध्ये करतो. गोडाऊन पंचवटीत आहे, गाड्या तीन. एक पेठ लाइनला जाते, एक दिंडोरी-वणीला, तिसरी सिन्नरला. तिन्ही रेडी स्टॉकच्या. सकाळी अंदाजाने माल भरायचा, चलन म्हणजे भरलेल्या मालाची यादी करायची, दुकानदार म्हणेल तेवढा उतरवायचा, बिल तिथेच फाडायचं आणि संध्याकाळी उरलेला माल मोजून गोडाऊनला जमा करायचा. हा हिशेब नीट राहावा म्हणून एप्रिलपासून तुमचं ॲप वापरतोय. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबरची गोष्ट. पेठची गाडी करंजाळीला एका किराणा दुकानात थांबली. दुकानदाराने अंगाच्या साबणाची चार खोकी घेतली. करासह ९६० रुपये खोकं, म्हणजे ३,८४० रुपये, रोख दिले. आमच्या सेल्समनने ११ वाजून ५२ मिनिटांनी बिल सेव्ह केलं. रेंज नव्हती. चक्र फिरत राहिलं आणि मग पडद्यावर आलं, ‘पुन्हा प्रयत्न करा’. त्याने पुन्हा दाबलं. कोणीही दाबलं असतं, तुमचंच ॲप सांगत होतं. संध्याकाळी गाडी पेठ फाट्याला आली, रेंज मिळाली आणि दोन बिलं वर चढली. दुकान तेच, माल तोच, वेळेत एका मिनिटाचा फरक आणि बिलाचे क्रमांक मात्र दोन.

झालं काय, तर ॲपच्या लेखी आठ खोकी विकली गेली आणि ७,६८० रुपये जमा व्हायला हवे होते. पोराच्या पिशवीत त्या दुकानाचे ३,८४० होते. गाडीत चार खोकी जास्त होती.

आता तुम्ही म्हणाल, पैसे कमी आणि तेवढ्याच किमतीचा माल जास्त, एवढं दिसत असताना तुम्हाला कळलं कसं नाही? नाही कळलं, कारण ॲपमध्ये रोख जमा एका पानावर आहे आणि मालाचा फरक दुसऱ्या. आमच्याकडे रोख मी घेतो, माल गोडाऊनवाला मोजतो. मालाचा फरक शून्य केल्याशिवाय तुमचं ॲप दुसऱ्या दिवशीचं लोडिंग उघडत नाही. सकाळी सात वाजता गाडी दारात उभी असताना गोडाऊनवाला काय करणार? ‘समायोजन’ दाबायचा आणि मोकळा व्हायचा. त्याला वाटायचं सकाळी आपलाच हात चुकला, एखादं खोकं जास्त चढलं. माझ्यापुढे यायची ती फक्त रोख तूट, लाल अक्षरात, सेल्समनच्या नावासमोर.

१४ तारखेला गोडाऊनवाला पुतण्याच्या लग्नाला गेला होता, म्हणून माल मी मोजला. चार खोकी जास्त निघाली. वर आलो तर रोख ३,८४० ने कमी. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. शनिवार-रविवार बसून सप्टेंबरपासूनची पेठ लाइनची बिलं एकेक करून काढली. सेल्समनने आपल्यापुरती एक शंभरपानी वही ठेवली होती, दुकानाचं नाव आणि रक्कम पेन्सिलीने लिहिलेली. तिच्याशी ताडून पाहिलं. अशा २३ जोड्या सापडल्या, एकूण ४१,३७० रुपयांच्या. सगळ्या पेठ रस्त्यावरच्या सावळघाटाच्या पलीकडच्या गावांतल्या, जिथे रेंज नसते. सिन्नर लाइनला एकही नाही, कारण तिथे रेंज असते.

हा मुलगा हरसूलकडचा, चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळून त्याच्या पगारातून मी ६,५०० रुपये कापले. बाकीची तूट त्याच्या नावावर उधार मांडली. ऐन दिवाळीत पगार कापून हातात दिला. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला होता, “शेठ, माल गाडीतच येतो परत, मग पैसे कुठून आणू?” उत्तर त्याने माझ्या हातात दिलं होतं. मी तुमच्या लाल आकड्याकडे बघत होतो. ही चूक माझी आहे, ती तुमच्यावर ढकलत नाही. पण तो आकडा तुमचा होता.

तुमच्याकडे मी १७ तारखेलाच तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी ‘वापरणाऱ्याची चूक, सेल्समनला प्रशिक्षण द्यावे’ असा शेरा मारून ती बंद झाली. फोन केला तर सांगण्यात आलं की रेंज असेल तिथेच बिल करावं. साहेब, पेठ तालुक्यात रेंज शोधून बिल करायचं तर दिवसाला पाच दुकानंही होणार नाहीत. ॲप विकताना ‘नेट नसलं तरी चालतं’ असं तुमच्याच माणसाने सांगितलं होतं. डेमो मात्र आमच्या ऑफिसच्या वायफायवर झाला, हे आता आठवतंय.

याआधी २२ सप्टेंबरला अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हाही दोन मोबाईलवर जुनेच दर दोन दिवस राहिले होते. दुकानदारांना क्रेडिट नोटा, म्हणजे जादा लावलेली रक्कम वजा केल्याच्या चिठ्ठ्या, देत बसलो. ते गिळलं, कारण त्या आठवड्यात सगळ्यांचीच धांदल होती. हे गिळण्यासारखं नाही. दुबार बिलांना वेगळे क्रमांक पडल्यामुळे ती विक्री म्हणून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, गेली आहेत. न झालेल्या विक्रीवर मी कर भरला, आता सीए दुरुस्ती करतोय. शिवाय रस्त्यात कोणी गाडी तपासली आणि चलनातून बिलं वजा केली, तर गाडीत हिशेबापेक्षा जास्त माल निघेल. तेव्हा मी कोणाला ‘समायोजन’ दाखवू?

दुरुस्ती फार अवघड असेल असं मला वाटत नाही. माझा भाचा ॲप बनवायचंच काम करतो, त्याला विचारलं. बिल मोबाईलवर बनतं त्याच क्षणी त्याला एक कायमची ओळख द्यायची, प्रत्येक गाडीची क्रमांकाची मालिका वेगळी ठेवायची आणि तीच ओळख सर्व्हरकडे दुसऱ्यांदा आली तर नवीन नोंद न करता पहिलीच दाखवायची. आणि माझ्याकडून एक भर, रोखीचा फरक आणि मालाचा फरक एकाच पानावर शेजारी शेजारी दाखवा. एवढं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

ही दुरुस्ती १५ दिवसांत करून तसं कळवावं. २३ दुबार बिलं तुमच्या बाजूने रद्द करून त्यांची यादी सीएला देता येईल अशी पाठवावी. दिंडोरी-वणीच्या गाडीची नोंदही तपासून द्यावी, ती मी अजून काढलेली नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबरचं शुल्क परत करावं, नाहीतर पुढचं वर्ष मी वहीवरच काढीन. बिलांच्या जोड्यांचे स्क्रीनशॉट आणि वहीच्या पानांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आणखी एक. ही तूट ॲपच्या दोषामुळे दिसत होती, असं तुमच्या लेटरहेडवर मराठीत लिहून द्यावं. मुलाचे ६,५०० रुपये मी १७ तारखेलाच परत केले, त्याच्या नावावरची उधारीही खोडली. पण पगार कापल्याची बातमी त्याच्या घरापर्यंत गेली आहे आणि त्याला ते पत्र वडिलांना दाखवायचं आहे.

कळावे,
आपला एक ग्राहक,
पंचवटी, नाशिक